आठ ते नऊ

आमच्या शेजारच्या घरातल्या हॉलचा दिवा रात्री नऊ वाजून दोन-तीन मिनिटांनी बंद व्हायचा. सोमवार ते शुक्रवार, न चुकता. २०१८ मध्ये आम्ही पेन्सिल्वेनियातल्या ह्या घरात राहायला आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात बायको म्हणाली, ह्यांच्या दिव्यावर घड्याळ लावून घ्यावं. तिथे एक गृहस्थ एकटेच राहतात, तेव्हा वय सत्त्याहत्तर, उभा जन्म इथल्या स्टीलच्या कारखान्यात गेला, कारखाना बंद पडला आणि आता त्या जागेवर कसिनो आहे. त्यांचं नाव सांगत नाही. आम्ही घरात त्यांना अण्णा म्हणतो, कारण माझे एक चुलते डिट्टो असेच होते, तशीच बाह्यांची बनियन, तसाच मांडीवर रिमोट, आणि बातम्या चालू असताना कोणी बोललं की तिकडे न बघता नुसता हात वर करून गप्प करणं, तेही तसंच.

आठ ते नऊ अण्णा फॉक्स न्यूज ह्या इथल्या उजव्या विचारांच्या चॅनलवर टकर कार्लसनचा शो बघायचे.

त्या वर्षी नोव्हेंबरात पहिला बर्फ पडला आणि मी दुकानातून आणलेल्या एका केविलवाण्या फावड्याने ड्राइव्हवे उकरत बसलो होतो, तर अण्णा आपलं ते घरघरणारं स्नोब्लोअर घेऊन आले, मला बाजूला व्हायची खूण केली, आणि दहा मिनिटांत सगळं साफ करून टाकलं. मी आभार मानायला लागलो तर म्हणाले, त्यापेक्षा संध्याकाळी ये, आठला. पावणेआठ नाही, सव्वाआठ नाही, आठला. गेलो. मग हळूहळू आठवड्यातून एखादा दिवस जायचा पायंडाच पडला. बायकोला ते अजिबात पटायचं नाही. ती म्हणायची, तो माणूस रोज रात्री आपल्यासारख्यांच्या नावाने बोटं मोडतो आणि तू तिकडे जाऊन कुकीज खात बसतोस. तिचं म्हणणं खरं होतं. पण मी जायचो.

आपल्याकडच्या रात्रीच्या डिबेटवर वाढलेल्या माणसाला टकरचा शो आधी कळतच नाही. आठ खिडक्यांत आठ डोकी नाहीत, टेबल आपटणं नाही, आग लागलेले ग्राफिक्स नाहीत. एक माणूस, नीट विंचरलेले केस, कॅमेऱ्याकडे बघून पंधरा-वीस मिनिटं एकटा बोलतो. आणि बोलतो पण कसा, तर चौकातल्या भाषणासारखं नाही, ओट्यावर बसून कोणी हळू आवाजात "तुला म्हणून सांगतो" असं सांगावं तसं. मधेच ते एक वरच्या पट्टीतलं खिदळणं. पाहुणा बोलायला लागला की भुवया जवळ, तोंड किंचित उघडं, चेहऱ्यावर असा गोंधळ की ह्या बिचाऱ्याला खरंच काही समजत नाहीये आणि तो मनापासून समजून घेऊ बघतोय. तो चेहरा म्हणजे निम्मा शो. अण्णांना तो इतका पाठ होता की भुवया हलायच्या आधीच हे हसायला लागायचे.

आणि प्रश्न. टकर विधानं फार कमी करतो, विचारतो. हे असं का झालं? ते आपल्याला का सांगत नाहीत? आपण हे विचारायचंही नाही का? कुणी धरलंच तर, अहो मी तर नुसतं विचारलं. आमच्या गावाकडे एक म्हातारी होती, तिने आयुष्यात कधी कोणावर आरोप केला नाही, ती फक्त विहिरीवर सगळ्यांना विचारायची, अमक्याची सून माहेरी का गेली असेल गं? संध्याकाळपर्यंत गावाला उत्तर माहीत असायचं. टकर बघताना मला हटकून ती आठवायची.

१३ डिसेंबर २०१८. तारीख लक्षात आहे कारण पुढचे कितीतरी दिवस ती बातम्यांत होती. मी अण्णांच्या सोफ्यावर, हातात कॉफी, आणि टकर सांगत होता की बाहेरून येणाऱ्या लोकांमुळे आपला देश गरीब होतो, घाण होतो, फुटतो. घाण हा शब्द त्याने वापरला. पुढे त्यावरून काही कंपन्यांनी शोमधल्या जाहिराती काढून घेतल्या, तो सगळा गदारोळ नंतरचा. त्या क्षणी खोलीत फक्त हीटरचा आवाज. मी कपाकडे बघत होतो. अण्णा टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले, "तुझ्याबद्दल नाही म्हणत तो." आणि कुकीजचा डबा माझ्याकडे सरकवला.

मी एक कुकी घेतली. काय करणार.

त्या रात्रीपासून मी ह्या माणसाबद्दल, म्हणजे टकरबद्दल, सापडेल ते वाचायला लागलो. शत्रूचा अभ्यास वगैरे नाही, सरळ सांगायचं तर खाज. हा कोण आहे?

तर हा कारखान्यातल्या माणसांचा कैवारी जन्मला १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला. वडील डिक कार्लसन टीव्हीतले पत्रकार, पुढे व्हॉइस ऑफ अमेरिकाचे प्रमुख, मग सेशेल्समध्ये अमेरिकेचे राजदूत. टकर सहा वर्षांचा असताना आई घर सोडून गेली. वडिलांनी दुसरं लग्न केलं ते पॅट्रिशिया स्वॅन्सन ह्यांच्याशी, आणि इथे मला अक्षरशः टाळी वाजवावीशी वाटली, कारण हे स्वॅन्सन घराणं म्हणजे ज्यांनी १९५० च्या दशकात टीव्ही डिनर घराघरांत पोचवलं ते. ॲल्युमिनियमच्या ताटलीत तीन खण, एकात टर्की, एकात मटार, एकात रताळं, ओव्हनमध्ये टाकायचं आणि टीव्हीसमोर बसून खायचं. धंदा टकरच्या जन्माच्या आधीच, १९५५ मध्ये, दुसऱ्या कंपनीला विकला गेला होता, म्हणजे त्या ताटल्यांशी त्याचा संबंध नावापुरता. पण अण्णा रोज आठला मांडीजवळ घडीचं टेबल ओढून त्याच जातीचं फ्रोझन जेवण जेवत टकर बघायचे आणि मला प्रत्येक वेळी मनात हसू यायचं. अमेरिकन माणसाला टीव्हीसमोर जेवायला बसवणारं नाव आणि पुढे त्याला तिथून उठू न देणारं नाव, एकाच घरातलं.

ऱ्होड आयलंडमधलं महागडं बोर्डिंग स्कूल, मग हार्टफर्डचं ट्रिनिटी कॉलेज, आणि लग्न त्या शाळेच्याच हेडमास्तरांच्या मुलीशी. सीआयएमध्ये जायचं होतं, त्यांनी घेतलं नाही. वडील म्हणाले, पत्रकारिता बघ, तिथे कोणालाही घेतात. हे तो स्वतःच हसत सांगतो.

पण बोचणारी गोष्ट अशी की पत्रकार म्हणून तो चांगला होता. नुसता बरा नाही, चांगला. १९९९ मध्ये टॉक नावाच्या मासिकासाठी त्याने जॉर्ज बुश ह्यांच्यावर लेख लिहिला. बुश तेव्हा टेक्सासचे गव्हर्नर, अध्यक्षपदाच्या तयारीत. टेक्सासात आदल्या वर्षी कार्ला फे टकर नावाच्या बाईला फाशीची शिक्षा अमलात आणली होती, आणि ती बाई जिवाची भीक कशी मागत होती त्याची बुश ओठ मुरडून नक्कल करतात, हे ह्याने जसंच्या तसं लिहिलं. बुशच्या माणसांनी असं झालंच नाही म्हणून सांगितलं. टकर स्वतः उजव्या विचारांचा, ज्यांच्यावर लिहितोय ते त्याच्याच पक्षाचे, तरी डोळ्यांना दिसलं ते त्याने कागदावर ठेवलं. हे एक. दुसरं, इराक युद्धाला त्याने आधी पाठिंबा दिला, मग तिकडे जाऊन आला, आणि २००४ मध्ये उघड म्हणाला की मला त्या पाठिंब्याची लाज वाटते. टीव्हीवरच्या किती जणांनी हे म्हटलं? मला तर बोटावर मोजण्याइतकेच आठवतात.

मग बो टाय घालायचा तो काळ. २००१ पासून सीएनएनवर क्रॉसफायर नावाचा शो, डावीकडचा एक, उजवीकडचा एक, रोज अर्धा तास तूतू-मैंमैं. हा उजवीकडचा. १५ ऑक्टोबर २००४ ला कॉमेडियन जॉन स्ट्युअर्ट पाहुणा म्हणून आला आणि विनोद करायचं सोडून गंभीर होऊन सांगायला लागला की तुम्ही लोक जे करताय त्याने देशाचं नुकसान होतंय, बंद करा. टकर त्याला पुन्हा पुन्हा म्हणतोय की अहो विनोद करा ना, आम्हाला वाटलं तुम्ही मजा आणाल. स्ट्युअर्टने वय विचारलं, ह्याने पस्तीस सांगितलं, आणि त्यावर, आणि तुम्ही बो टाय घालता. प्रेक्षक फुटले. मी ती क्लिप इतक्या वेळा बघितलीय की लाज वाटावी. आधी मला तिच्यात स्ट्युअर्ट दिसायचा, आपल्या मनातलं बोलणारा. हल्ली टकरच दिसतो. तो हसतोय, पण गालाच्या खाली काहीतरी आवळलं जातंय. पुढच्या जानेवारीत सीएनएनने त्याला नारळ दिला आणि चॅनलचे प्रमुख वर म्हणाले की स्ट्युअर्टचं म्हणणं मला पटतं. मालकच असं म्हणाल्यावर काय उरतं?

पुढची काही वर्षं पटापट सांगण्यासारखीच आहेत. एमएसएनबीसीवर शो, तिथे त्याच्या पॅनलवर बसणारी रेचल मॅडो पुढे त्याच चॅनलची स्टार झाली, ह्याचा शो २००८ मध्ये बंद. २००६ मध्ये बो टाय सोडला. त्याच वर्षी डान्सिंग विथ द स्टार्समध्ये चा-चा-चा केला, त्यातला बराचसा खुर्चीत बसून, आणि सगळ्यात आधी बाहेर. चाळिशीच्या आत दोन मोठ्या चॅनलांनी हात वर केलेले, आणि नाचाच्या कार्यक्रमातून पण पहिल्या फटक्यात घरी.

एक प्रसंग मात्र थांबून सांगण्यासारखा आहे. २००९ मध्ये वॉशिंग्टनला उजव्या मंडळींचं मोठं वार्षिक संमेलन भरलं होतं, तिथे हा बोलायला उभा राहिला आणि म्हणाला की न्यूयॉर्क टाइम्स डावा आहे हे खरं, पण ते लोक नावांची स्पेलिंगंसुद्धा तपासून छापतात, अचूकतेची चाड बाळगतात, आपणही तसं काही उभं करायला हवं, नुसती मतं मांडून भागणार नाही. सभागृहात हुर्यो. भरसभेत आपल्याच माणसांनी गप्प केलं. पुढच्या वर्षी त्याने डेली कॉलर ही वेबसाइट काढली आणि ती काही फार दिवस अचूकतेच्या नादी लागली नाही. मला वाटतं त्या हुर्योत तो काहीतरी शिकला. अर्थात हे माझं वाटणं, तो कधी असं म्हणालेला नाही.

मग फॉक्स. आधी पाहुणा, मग शनिवार-रविवारचा सकाळचा शो, आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये, ट्रम्प जिंकल्यानंतर आठवडाभरात, स्वतःचा रात्रीचा शो. सहा महिन्यांत तो आठच्या जागेवर आला कारण त्या जागेवरचे बिल ओरायली लैंगिक छळाच्या तक्रारी आणि त्या मिटवायला दिलेले पैसे बाहेर आल्यावर गेले. गंमत बघा, ह्याच ओरायलींबद्दल टकरने २००३ मध्ये लिहून ठेवलं होतं की त्यांचं सगळं यश ते खरंच तसे साधे, रांगडे आहेत ह्या समजुतीवर उभं आहे, ज्या दिवशी भूमिकेबाहेर पकडले जातील त्या दिवशी संपलं. बरोबर चौदा वर्षांनी त्यांच्याच खुर्चीत बसून राजदूताचा मुलगा आपल्या अण्णांना सांगायला लागला की ते बडे लोक तुला तुच्छ समजतात.

पण अण्णा मूर्ख नव्हते हो. हे मला बायकोला कधी नीट सांगता आलं नाही. २ जानेवारी २०१९ चा त्याचा मोनोलॉग मी त्यांच्या शेजारी बसून ऐकलाय. बाजारपेठ हे एक अवजार आहे, स्टेपल गन असते, टोस्टर असतो, तसं, त्याची पूजा करणारा मूर्ख म्हणायचा, आणि ज्या व्यवस्थेत गावोगावची कुटुंबं मोडतात ती काय कामाची, असं तो म्हणत होता. उजव्या चॅनलवर! अण्णांचा काटा ताटलीत तसाच राहिला होता. त्यांच्या कारखान्याची कंपनी बुडाली तेव्हा पेन्शनचं काय होणार ह्या काळजीत त्यांनी आणि बायकोने वर्ष काढलं होतं, ती बायको आता नाही. चोवीस वर्षांत त्यांना टीव्हीवरचा कोणी माणूस, डावा नाही, उजवा नाही, सांगायला आला नव्हता की तुमच्याबरोबर जे झालं ते पावसासारखं आपोआप झालेलं नाही, कोणीतरी केलंय. हा आला. आणि एका हाताने हे देताना दुसऱ्या हाताने तो ते कोणी केलं त्याचं उत्तर सरकवत राहिला. न्यूयॉर्क टाइम्सने पुढे त्याचे साडेअकराशे भाग तपासले, त्यातल्या चारशेहून जास्त भागांत हेच, की वरचे लोक मुद्दाम बाहेरची माणसं आणून तुमची जागा त्यांना देणार आहेत.

बाहेरचा माणूस शेजारी बसून कॉफी पीत होता. कामाच्या व्हिसावर आलेला, त्या व्हिसाबद्दलही टकर अधूनमधून बोलायचा, आणि तेव्हा तर मला "तुझ्याबद्दल नाही" असंही म्हणता आलं नसतं.

मार्च २०२० चं पण सांगितलं पाहिजे, नाहीतर एकतर्फी होईल. फॉक्सवरचे बाकीचे होस्ट कोरोनाची टर उडवत होते तेव्हा टकर ७ मार्चला फ्लोरिडात स्वतः ट्रम्पना भेटून आला, हे गांभीर्याने घ्या म्हणून सांगायला, आणि सोमवारी शोमध्ये म्हणाला की ज्यांच्यावर तुमचा विश्वास आहे, ज्यांना तुम्ही मत दिलंय, ते लोक हे प्रकरण आठवडेच्या आठवडे हलकं करून सांगतायत. दुसऱ्या दिवशी अण्णा दोन पिशव्या तांदूळ आणि हातमोजे घेऊन आमच्या दारात उभे. एक पिशवी आम्हाला. नंतर शिकागो आणि इतर विद्यापीठांतल्या अर्थतज्ज्ञांनी अभ्यास करून दाखवलं की फॉक्सवरच्याच शॉन हॅनिटीचे प्रेक्षक आणि टकरचे प्रेक्षक ह्यांच्या वागण्यात त्या सुरुवातीच्या आठवड्यांत फरक पडला, टकरवाले आधी सावध झाले, आणि जिथे हॅनिटी जास्त बघितला जायचा तिथे सुरुवातीला रुग्ण आणि मृत्यू जास्त होते. म्हणजे ह्या माणसाच्या शब्दाने लोक हात धुवायला लागले, जीव वाचले. मग वर्षअखेरीला लस आली आणि ह्याने प्रश्न विचारायला सुरुवात केली. कदाचित ती चालतच नसेल आणि ते सांगत नसतील? अण्णांनी लस घेतली नाही. तोच माणूस, तोच सोफा, तोच विश्वास.

आणि लस यायच्या थोडं आधी, सप्टेंबर २०२० मध्ये, न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टाचा तो निकाल. एका मॉडेलने बदनामीचा दावा लावला होता, टकरने शोमध्ये तिने ट्रम्पकडून खंडणी मागितल्यासारखं म्हटलं म्हणून. फॉक्सच्या वकिलांनी सांगितलं की हा शो म्हणजे बातम्या नव्हेत, इथे अतिशयोक्ती चालते, शब्दशः घ्यायचं नसतं. न्यायाधीशांना पटलं. निकालात आहे की कार्लसन ह्यांची ख्याती बघता कोणताही समजूतदार प्रेक्षक त्यांचं बोलणं योग्य तेवढा संशय ठेवूनच ऐकेल.

समजूतदार प्रेक्षक. हा शब्द माझ्या डोक्यातून जाईना. मी ह्या प्रेक्षकाला ओळखत होतो की. तो पाच फूट सात इंच, बनियनमध्ये, टेबलावर फ्रोझन मटार. त्याने संशय ठेवला होता का? तर हो, एकदा. डिसेंबर २०१८ मध्ये, कुकीजचा डबा सरकवताना. टकरच्या बोलण्यातून त्याने एक माणूस वजा केला, जो त्याला दिसत होता. बाकीचे जे दिसत नव्हते ते त्याने जसेच्या तसे ठेवले.

नोव्हेंबरात ट्रम्प हरले. मग जे झालं ते सगळ्यांना माहीत आहे, मी फक्त टकरपुरतं सांगतो, तेही डोमिनियन ह्या मतदान यंत्रांच्या कंपनीने फॉक्सवर १६० कोटी डॉलरचा दावा लावला म्हणून २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोर्टाच्या कागदांतून बाहेर आलं ते. यंत्रांत घोटाळा झाला म्हणणारी ट्रम्पची वकील सिडनी पॉवेल खोटं बोलतेय, असं टकर सहकाऱ्यांना मेसेजमध्ये लिहीत होता. आणि एक दिवस त्याने ते बऱ्याच सौम्य भाषेत टीव्हीवरही सांगितलं, की आम्ही तिच्याकडे पुरावा मागितला, तिने दिला नाही. त्या रात्री मी तिथे नव्हतो पण अण्णांनी दुसऱ्या दिवशी मला कुंपणापाशी गाठून सांगितलं, टकर पण विकला गेला. असे लाखो अण्णा देशभर चिडले होते आणि न्यूजमॅक्स नावाच्या दुसऱ्या चॅनलकडे वळत होते. फॉक्सच्याच एका महिला बातमीदाराने ट्रम्पचा दावा खोडणारं ट्विट केलं तर टकरने मेसेज केला की हिला काढा, आज रात्रीच हे थांबलं पाहिजे, कंपनीचं नुकसान होतंय, शेअरचा भाव खाली आलाय. जानेवारीत तो ट्रम्पबद्दल लिहितो की मला ह्या माणसाचा मनापासून तिटकारा आहे, आता बहुतेक रात्री त्याच्याकडे दुर्लक्ष करता येईल, मी वाट बघतोय. आणि त्याच जानेवारीच्या शेवटी उशा बनवणाऱ्या कंपनीचे मालक माइक लिंडेल त्याच्या शोमध्ये येऊन तेच यंत्रांचं पुराण लावतात आणि हा ऐकून घेतो. ते त्याचे मोठे जाहिरातदार होते हे जाता जाता.

लोक म्हणतात टकरने प्रेक्षकांना बिघडवलं. मला ते मेसेज वाचताना उलटं दिसलं, की तो प्रेक्षकाला घाबरत होता. २००९ ला हुर्यो, २०२० ला हुर्यो. स्टुडिओत एकटा बसलेला माणूस आणि समोर काचेपलीकडे तीस-चाळीस लाख अण्णा, हात वर करून, गप्प.

आणखी एक मेसेज आहे, तो कोर्टाच्या कागदांत झाकलेला होता, मे २०२३ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने छापला. जानेवारी २०२१ मध्ये ट्रम्पच्या समर्थकांनी कॅपिटॉलवर, म्हणजे इथल्या संसदभवनावर, हल्ला केला त्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या एका प्रोड्यूसरला लिहिलेला. त्यात तो सांगतो की काही आठवड्यांपूर्वी एक व्हिडिओ बघितला, ट्रम्पच्या बाजूचे काही जण एका डाव्या पोराला घेरून मारतायत, तिघे तरी एकावर. गोरी माणसं अशी लढत नाहीत, असं एक वाक्य आहे, त्यावरून खूप बोंब झाली आणि ती रास्तच होती. पण पुढचं कमी लोकांनी वाचलं. तो म्हणतो की अचानक माझ्या लक्षात आलं, मी त्या जमावाच्या बाजूने होतो, त्याला अजून मारावं, मारून टाकावं असं मला वाटत होतं, जिभेवर चव आली होती. आणि मग डोक्यात कुठेतरी घंटा वाजली की हे माझ्यासाठी चांगलं नाही, मला जे व्हायचं नाही ते मी होतोय. त्या पोरावरही कोणीतरी प्रेम करत असेल, असंही लिहिलंय.

१९९९ ला बुशच्या ओठांकडे बघणारा माणूस तोच होता. स्वतःच्या ओठांकडे पण बघू शकत होता, फोनवर, खाजगीत. आठला मात्र त्याने हे कधीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर अण्णांनी ऐकलं असतं का, मी खूप विचार केलाय ह्यावर. तांदळाच्या पिशव्या आठवतात आणि वाटतं ऐकलं असतं. मग कुंपणापाशी "विकला गेला" म्हणतानाचा चेहरा आठवतो.

१८ एप्रिल २०२३ ला, खटला सुरू होणार त्याच दिवशी, फॉक्सने डोमिनियनला ७८ कोटी ७५ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. शुक्रवारी, २१ तारखेला, मी अण्णांकडे होतो. शोच्या शेवटी आमच्याच राज्यातला एक पिझ्झा पोचवणारा पोरगा आला होता, त्याने पळणाऱ्या चोराला पाय आडवा घालून पाडलं होतं, तर तो पिझ्झे घेऊन स्टुडिओत आणि दोघं बसून खातायत. अननस घातलेला पिझ्झा, ह्यावर अण्णांनी तोंड वाकडं केलं. तोंडात घास असताना टकर म्हणाला, सोमवारी भेटू. दिवा नऊ वाजून दोन मिनिटांनी बंद.

सोमवारी सकाळी फॉक्सने जाहीर केलं की आम्ही वेगळं व्हायचं ठरवलंय, आजवरच्या सेवेबद्दल धन्यवाद. कारण काही नाही. कोणत्याही कारकुनाला याहून मोठं निरोपाचं पत्र मिळतं. संध्याकाळी मी मुद्दाम गेलो, कोणी गेल्यावर जातो तसा. अण्णा खुर्चीत, टेबल ओढलेलं, जेवण गरम केलेलं. आठला दुसराच कोणी हजर, ब्रायन किलमीड, टकर आता इथे नाही असं दोन वाक्यांत सांगून तो पुढच्या बातमीकडे वळला. अण्णांनी तीन-चार मिनिटं बघितलं. मग म्यूट केलं. मग बंद केलं. सव्वाआठला त्या हॉलमध्ये इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती, त्यांच्या फ्रिजला आवाज आहे हे मला त्या दिवशी कळलं. ते म्हणाले, सोमवारी भेटू म्हणाला होता.

जूनमध्ये टकरने ट्विटरवर शो सुरू केला. अण्णा फोन घेऊन आमच्या दारात आले, जुना फोन, मुलीने दिलेला, काचेला तडा. तुम्हा लोकांना ह्यातलं कळतं, म्हणाले. तुम्हा लोकांना म्हणजे इंजिनियरना की आणखी कोणाला ते मी विचारलं नाही. ॲप टाकून दिलं. अकाउंट काढताना ते विचारतं, तुम्हाला कशात रस आहे, मासेमारी, बेसबॉल, राजकारण, निदान इतके तरी निवडाच. त्यांना काहीच निवडायचं नव्हतं, त्यांना टकर हवा होता. मग मीच काहीतरी टिचक्या मारल्या. व्हिडिओ लागला. तेच लाकडी पाठीमागचं, त्याच भुवया, तळहाताएवढा. अण्णा फोन नाकाजवळ धरून उभ्या-उभ्याच बघत राहिले आणि हसायच्या जागी हसले. दहा मिनिटांत तो संपला आणि अंगठा वर सरकला तसा खाली दुसरा कोणी आला, तो टकर नव्हता, तो बराच मोठ्याने बोलत होता, त्याच्या खाली तिसरा.

"हे बंद कसं करायचं?" त्यांनी विचारलं. मी दाखवलं. लक्षात राहील म्हणाले.

बायको आत स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होती. दार लावल्यावर फक्त एवढंच म्हणाली, टाकून दिलंस? मी म्हटलं, बर्फ काढतात आपला ते. उत्तर म्हणून हे किती पोकळ आहे ते मला कळत होतं.

काल कचऱ्याचा डबा रस्त्याकडे न्यायचा राहिला होता म्हणून साडेअकराला बाहेर आलो. अण्णांच्या हॉलचा दिवा बंद होता. खिडकीत खुर्चीच्या उंचीवर एक छोटा निळसर उजेड होता, आणि तो दर काही सेकंदांनी बदलत होता.